बेरजेतला तिसरा

१

बारकी दिवसातून निदान चाळीस वेळा मरायची, आणि दर वेळी आपण कशा मेलो ते एका तक्त्यात लिहून ठेवायची. तेच तिचं काम होतं. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ती टेस्टर होती, म्हणजे लोकांच्या हातात गेम पडण्याआधी तो स्वतः खेळून त्यातल्या खोड्या शोधून काढणारी. चौतिशी उलटली तरी घरात ती बारकीच होती. ऑफिसात कुणीतरी एकदा फोनवर आईची हाक ऐकली आणि तिथेही ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हल्ली तिच्या वाट्याला राखणदार आला होता. गेममध्ये एक जुनं शहर होतं, शहराला वेस होती आणि वेशीच्या तोंडाशी हा दगडी धटिंगण उभा. त्याला हरवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. त्याची गंमत अशी की त्याची स्वतःची अशी ताकद नव्हतीच. समोर जे कुणी उभे असतील त्या सगळ्यांच्या लेव्हलची बेरीज व्हायची आणि तो आकडा त्याच्या डोक्यावर उमटायचा. नवखा एकटा आला तर राखणदार मऊ, चार मुरलेले मिळून आले तर तोच राखणदार लोखंडाचा. खेळणारा जितका वाढेल तितका शत्रूही वाढणार, म्हणजे कुणाला खेळ मचूळ वाटू नये आणि कुणी हात टेकून उठूनही जाऊ नये. ही बेरीज नेमकी होते की नाही, एवढंच बारकीने बघायचं होतं. गेम बाहेर पडायला तीन आठवडे उरले होते आणि तिला कामाचा चेव चढला होता.

घरून काम करायची परवानगी तिने मागून घेतली होती, ती आईसाठी. आई म्हणजे तीस वर्षं तलावाच्या काठावर उभी राहून लोकांना पोहायला शिकवलेली मास्तरीण. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि आवाज असा की दुसऱ्या टोकाला बुडणारा माणूससुद्धा आधी पाठ ताठ करायचा. तीन महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि ओठांचा उजवा कोपरा, एवढं सगळं एका सकाळी रुसून बसलं. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती आधीही कधी गप्प नव्हती.

तलाव दुरुस्तीसाठी बंद होता, तो येणारा सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी उघडणार होता. मॅनेजरने फोन करून सरळ सांगितलं होतं, की त्या सोमवारी या, काठाने तलावाची एक लांबी चालून दाखवा, बिनआधाराची, आणि एक शिट्टी वाजवा. जमलं तर काठ तुमचाच आहे. नाही जमलं तर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. एक लांबी म्हणजे आईची चाळीस पावलं. आई वॉकर धरून तेव्हा नऊ टाकत होती, आणि शिट्टीतून नुसती हवा यायची.

घरी येणाऱ्या फिजिओबाईंनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला आणि हाताच्या बोटांना काहीतरी चाळा द्या म्हणाल्या. बारकीच्या टेबलावर एक जादा कंट्रोलर पडून होता, आणि टेस्टरांसाठी ठेवलेलं एक रिकामं खातंही होतं. बाहेरच्या माणसाला टेस्ट सर्व्हरवर घेणं नियमात बसत नव्हतं. बारकीने नियमाकडे काणाडोळा केला.

"उजव्या हाताने करणार," आई म्हणाली. "डाव्याला काय शिकवायचंय?"

उजव्या हाताचं बोट घसरलं. नाव टाकायच्या आधीच बटण दाबलं गेलं आणि स्क्रीन तिथेच थिजली. बारकीने ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी डाव्या हाताने एक एक अक्षर निवडत आईने नाव लिहिलं, बेडूक.

२

पहिल्या चार दिवसांत घराचा नूरच पालटला. सकाळी दहा वाजता दोघी शेजारी शेजारी बसायच्या, बारकी तिच्या खुर्चीत आणि आई हातवाल्या खुर्चीत पायांवर शाल घेऊन. बारकीचं पात्र टेस्टिंगचं, 'चाचणी-७' नावाचं, एकविसाव्या लेव्हलला कुलूप लावून ठेवलेलं. बेडूक मात्र एकापासून सुरू झालेला. जिंकलं की मिळालेले पॉइंट हजर असतील त्यांच्यात सारखे वाटले जायचे. नवीन जमिनीवर चाललं तरी थोडे मिळायचे. बेडूक दोन झाला, तीन झाला, आणि आईच्या गालावर रंग चढला.

"मागे सर, गाढवे, मागे. तो डावा हात उचलतोय."

"आई, मी हे पोटापाण्यासाठी करते."

"म्हणून तर सांगतेय. पोटापाण्यासाठी करणारे पुढे बघतच नाहीत."

आणि खरंच, राखणदार डावा हात उचलायचा आणि चाचणी-७ भुईसपाट व्हायची. आई इतकी हसायची की तिचा वाकडा ओठसुद्धा जरा वर यायचा. दुपारी झोप झाली की ती पॅसेजमध्ये वॉकर घेऊन उभी राहायची. भिंतीवरच्या तक्त्यात नऊ, बारा, पंधरा, अठरा असे आकडे चढत गेले. रोज तीन पावलं जास्त. बारकीने बोटांवर हिशेब केला, या चालीने तलावाच्या त्या सोमवारच्या आत बेचाळीस. तिने स्वयंपाकघरात जाऊन एकटीनेच एक उडी मारली.

शनिवारी बेडूक पाचव्या लेव्हलला पोचला. दोघी वेशीपाशी गेल्या. तोवर बेरीज रोज चोख जमली होती. एकवीस आणि पाच सव्वीस. राखणदाराच्या डोक्यावर आकडा उमटला, सत्तावीस.

बारकीने दोनदा पाहिलं. मग तिच्या अंगात जे भरलं ते भय नव्हतं, आनंद होता. इतके दिवस ती याच क्षणासाठी मरत होती. बेरीज चुकली होती, एकाने का होईना पण चुकली होती, आणि ती चूक तिला सापडली होती.

"आई, बग मिळाला."

"चावतो का?"

"चावला तर फारच उत्तम," बारकी म्हणाली आणि तिने फोन उचलला.

३

दाढी हा त्या बेरजेचा कोड लिहिणारा माणूस. दाढी त्याने कधीच काढून टाकली होती, नाव राहिलं. त्याने ऐकून घेतलं आणि आपल्या पडद्यावर हजर खेळाडूंची यादी उघडली.

"तुम्ही तिघं आहात," तो म्हणाला.

"दोघी."

"माझ्याकडे तीन ओळी आहेत. चाचणी-७, बेडूक, आणि एक रिकामी ओळ. नाव नाही, लेव्हल एक. बारके, तू घरी कुणाला खेळायला बसवलंयस?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. दाढी ओरडला नाही, उलट खूश झाला. आईचं बोट घसरलं तेव्हा बिननावाचं एक खातं अर्धवट तयार झालं असणार आणि ते तसंच लोंबकळत राहून आज हजेरीत शिरलं असणार, असं त्याने समजावलं. दोन्ही एकाच यंत्रावरून उघडलेली, म्हणून बेडूक आला की तेही मागोमाग येतं. नाव नाही म्हणून शरीर नाही, म्हणून दिसत नाही. पण हजेरीत असल्यामुळे बेरजेत धरलं जातं आणि पॉइंटांचा वाटाही घेतं.

"लाख मोलाची खोड आहे ही," दाढी म्हणाला. "आत्ताच पुसू नको. आठवडाभर चालू दे, मला त्याचं वागणं बघायचंय."

स्पष्टीकरण इतकं नीटनेटकं होतं की बारकीची भूक वाढली. दोन दिवसांनी, सोमवारी, बेडूक सातवर गेला आणि राखणदार एकतीसवर. एकवीस वजा, सात वजा, उरले तीन. म्हणजे तिसराही वाढत होता. तिने आपल्या कामाच्या तक्त्यात त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला आणि रकान्याला काय नाव द्यावं ते न सुचून नुसती एक रेघ ओढली.

वेशीसमोर वाळूचं मैदान होतं. चालणाऱ्याची पावलं वाळूत उमटायची आणि थोड्या वेळाने पुसली जायची. लढाईच्या आधी बारकीने सहज मागे वळून पाहिलं. चाचणी-७ची पावलं होती. बेडकाची होती, छोटी, जवळजवळ टाकलेली. आणि त्यांच्या मागे आणखी एक माग होता. डावं पाऊल स्वच्छ, पाच बोटांसकट. उजव्याच्या जागी पाऊल नव्हतं, एक लांब खरड होती.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"तोच तो बग," बारकी म्हणाली.

संध्याकाळी तिने गेमची चित्रं काढणाऱ्या मुलीला विचारलं, की लंगडणाऱ्याचा माग तू कधी काढलास. ती म्हणाली, आपल्याकडे दोनच ठसे आहेत, डावा आणि उजवा. खरड मी काढलेलीच नाही. बारकीने हे दाढीला सांगायचं ठरवलं आणि मग सांगितलं नाही. कशासाठी ते तिलाही नीट कळलं नाही. आपल्या हाती काहीतरी जबरदस्त लागलंय आणि ते इतक्यात कुणाला द्यायचं नाही, एवढं मात्र खरं होतं.

४

मंगळवारी साडेअकराला, भर उजेडात, पॅसेजमधून आवाज आला. टक. मग फरशीवर घासलेलं काहीतरी. पुन्हा टक.

बारकी राखणदाराच्या डाव्या हातावर नजर ठेवून होती. ती न वळताच म्हणाली, "आई, आज दुपारची वाट नाही बघितलीस? सावकाश हं."

"काय सावकाश?" आई तिच्या शेजारूनच म्हणाली. "मार त्याला, उघडा पडलाय."

बारकीने मारलं, राखणदार कोसळला, आईने कंट्रोलर उंचावला. आवाज थांबला होता. बारकी उठून पॅसेजमध्ये गेली. रुंदी दोन हातांची, एका टोकाला आईची खोली, दुसऱ्या टोकाला ही बैठकीची खोली, मध्ये कपड्यांचं कपाट आणि वर लावलेला दिवा. रात्री वॉकर आईच्या पलंगाला टेकवून ठेवलेला असायचा. आता तो कपाटापाशी उभा होता, बैठकीकडे तोंड करून.

"सकाळी इथवर मीच आणला असेन," आई म्हणाली. "मग तू हात दिलास ना पुढे."

तसं झालं असणं अगदी शक्य होतं. बारकीने सकाळ आठवून पाहिली. तिने हात दिला होता, हे नक्की. कुठून दिला होता, ते आठवेना. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी असाच आवाज येत असेल, हाही विचार तिने करून पाहिला. वरचा मजला रिकामा होता, पण रिकाम्या घरातही रंगारी येतात.

त्या दुपारी फिजिओबाई आल्या. आईची पावलं मोजून त्यांनी तक्त्यात चोवीस लिहिलं. बारकी तक्त्यासमोर जराशी जास्त वेळ उभी राहिली. नऊ, बारा, पंधरा, अठरा. आणि शनिवारनंतर वीस, बावीस, चोवीस.

"उत्तम चाललंय," फिजिओबाई म्हणाल्या. "रोजची दोन म्हणजे कमी नाहीत."

"आधी तीन होती."

"सुरुवातीला जोर असतो हो. मग शरीर आपल्या गतीवर येतं."

हेही नीटनेटकं होतं. पण बारकीचं डोकं बेरजांवर चालायचं आणि ते आपसूक पुढे गेलं. दोघींत वाटले जात होते तेव्हा रोजची तीन. आता हजेरीत तिघं, तर दोन. दोन दोन दोन करत रविवारी चौतीस होतात, चाळीस होत नाहीत.

तिला एकदम हसू आलं, स्वतःचंच. गेमचे पॉइंट गेममध्ये आणि आईचे पाय पॅसेजमध्ये. यांचा एकमेकांशी काय संबंध? ती हसली आणि मग तिने रात्री निजण्याआधी वॉकरच्या चारी पायांभोवती खडूने गोल आखून ठेवले.

सकाळी वॉकर गोलांच्या आत नव्हता. तो पॅसेजच्या या टोकाला होता, बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्याशी.

५

बुधवारी तिने गेम लावलाच नाही. आईला सांगितलं की सर्व्हर बंद आहे. मंगळवारच्या शेवटी आकडा तेहेतीस होता, म्हणजे बेडूक आठ आणि तिसरा चार. कुणीच खेळलं नाही तर कुणालाच वाटा मिळणार नाही, आणि आईची पावलं किती वाढतात ते बघता येईल. साधा प्रयोग होता. तिला परीक्षेला बसल्यासारखी हुरहुर लागली होती आणि त्या हुरहुरीत, खरं सांगायचं तर, मजाही होती.

दिवसभर दोन्ही पडदे काळे होते. आईने दुपारी सव्वीस पावलं टाकली. दोनच जास्त.

चार वाजता आई झोपली असताना बारकी बैठकीत बसून नुसती ऐकत होती. आधी फ्रिजची घरघर. मग खालून कुणाच्या तरी सायकलची घंटा. मग पॅसेजमध्ये टक, आणि घासणं. ते घासणं आता आखूड झालं होतं. पाय मागून ओढत आणल्यासारखं नव्हतं, उचलायचा प्रयत्न करून मग टेकल्यासारखं होतं. कुणीतरी शिकत होतं, आणि चिकाटीने शिकत होतं. बारकीने तो आवाज तीन महिने ऐकला होता. आई अशीच शिकली होती.

ती उठली. पॅसेजच्या तोंडाशी जाईपर्यंत सगळं शांत झालं. आई आपल्या खोलीत, पलंगावर, तोंड थोडं उघडं, गाढ झोपेत. वॉकर तिच्या पलंगापाशी नव्हता.

गुरुवारी सकाळी तिने गेम सुरू केला आणि दोघी वेशीपाशी गेल्या. राखणदाराच्या डोक्यावर चौतीस. आईचे आठ तसेच होते. तिसरा पाच झाला होता.

"दाढी," तिने फोनवर विचारलं, "काल कुणी खेळलं नाही. याला पॉइंट कुठून मिळाले?"

तो बराच वेळ टाइप करत राहिला. "चालण्याचे आहेत," तो शेवटी म्हणाला. "नवीन जमिनीवर चालला तर मिळतात ते. पण बारके, हा ज्या जमिनीवर चाललाय ती आपल्या नकाशात नाही. नुसती एक सरळ पट्टी आहे. लांबट, दोन हात रुंदीची."

६

त्यानंतर बारकीला मजा उरली नाही, घाई सुरू झाली. घाईतही एक धुंदी असतेच. तिचे कान तापले होते, चहा गार होत होता आणि तिला एकच गोष्ट दिसत होती, सोमवारचा काठ आणि त्याच्यावर उभी असलेली आई. जो कुणी हजेरीत घुसलाय त्याला बाहेर काढायचं. मग पुन्हा दोघींचाच हिशेब.

"खातंच पुसून टाक ना," दाढी म्हणाला.

"तोही जाईल आणि बेडूकही. एकाच यंत्रावरची आहेत, तूच म्हणालास."

"माझ्या बेडकाला हात लावायचा नाही," आई शेजारून म्हणाली. तिला यातलं अर्धंच माहीत होतं. कुणीतरी फुकट्या आपल्या पॉइंटांत वाटा घेतोय, एवढं बारकीने सांगितलं होतं. "त्या फुकट्याला काढ. मी होते तेव्हा तलावात बिनपासाचा एक माणूस उतरला नाही."

"नाव असतं तर नावावर बोट ठेवून काढता आला असता," दाढी म्हणाला. "नाव नाही. एक जुना हुकूम आहे, टेस्टरांनीच वापरायचा. हजर असलेल्यांत सगळ्यात खालच्या लेव्हलचा कोण ते तो बघतो आणि त्याला काढून टाकतो. कायमचं. चाचणीपुरता बनवलेला मोडका डमी खेळाडू काढायला ठेवला होता. हा तुझा तिसरा बेडकाच्या खाली आहे ना?"

"आहे."

"टाकण्याआधी बेरीज करून घे. दर वेळी. तो हुकूम विचारत नाही, सरळ काढतो."

दाढीने तो हुकूम तिच्या यंत्रावर चालू करायला शनिवारची दुपार उजाडवली. दरम्यान तिसरा सुसाट निघाला होता. आईचा बेडूक तीन लेव्हल चढेपर्यंत त्याने पाच काढल्या. वाळूत आता खरड नव्हती. दोन्ही पावलं उमटत होती, उजवं जरासं पुसट. आणि ती बेडकाच्या पावलांमागून येत नव्हती, शेजारून चालत होती.

शनिवारी बारा वाजता बारकीने बेरीज केली. राखणदार बेचाळीस. एकवीस वजा, बेडकाचे अकरा वजा, उरले दहा. एका लेव्हलने का होईना, खाली होता. तक्त्यात आईची पावलं बत्तीस होती.

"जेवून घेऊ आणि मग काढू," आई म्हणाली. "पळून कुठे जातोय?"

दोघी जेवल्या. आई तिच्या हातवाल्या खुर्चीतच पेंगली, शाल पायांवर, शिट्टी गळ्यातून काढून खुर्चीच्या हाताला अडकवलेली. दाढीचा निरोप यायला पावणेचार वाजले. चालू केलंय, असं त्याने लिहिलं होतं.

७

बारकीने कीबोर्ड जवळ ओढला, आणि पॅसेजमधून पावलांचा आवाज आला.

वॉकर नाही. टक नाही, घासणं नाही. रबरी चपलांची पावलं, एक, दोन, तीन, सारख्या अंतराने, सारख्या जोराची. तिच्या छातीत आनंद उसळला. आई चालत होती, बिनआधाराची, शेवटी एकदाची. ती श्वास रोखून मोजू लागली. पावलं त्या टोकाला गेली, वळली, परत आली. वीस. तीस. तिला रडू येत होतं आणि ती मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. पावलं थांबली.

"आई," ती कुजबुजली. "आई, झालं की गं."

"काय झालं?" आईने विचारलं.

आई तिच्या शेजारी होती. आत्ताच डोळे उघडले होते तिने, आणि तिचा उजवा हात, जो तीन महिने चमचासुद्धा धरत नव्हता, बारकीच्या मनगटाभोवती होता. पकड दुबळी होती, पण पकड होती.

"पॅसेजमध्ये कोण आहे गं, बारके?"

बारकीने पडद्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर दुपारचा आकडा होता, दहा आणि अकरा, एका लेव्हलचं अंतर. तेवढं पुरेसं होतं. आत्ता, याच क्षणी, तो आत येण्याआधी. तिने मोकळ्या हाताने हुकूम लिहिला आणि दाबला.

पडदा एकदा चमकला. हजेरीत दोन ओळी उरल्या. दोन. बारकीने मोठा श्वास सोडला आणि जोरात हसली, इतक्या जोरात की तिचं तिलाच दचकायला झालं. गेला. फुकट्या गेला. एकवीस आणि अकरा बत्तीस, आणि सोमवारपर्यंत आईचा वाटा आईला.

तिने राखणदाराकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर तेहेतीस होतं.

तिने पुन्हा पाहिलं. एकवीस वजा केले. बारा उरले.

चालण्याचे पॉइंट, तिच्या डोक्यात कुणीतरी शांतपणे सांगितलं. चाळीस पावलांचे. तिने ते मोजले होते, एक एक करून, आनंदाने, आणि बेरीज मात्र दुपारी बारा वाजताचीच धरली होती.

तिने यादी वाचली. वरच्या ओळीत चाचणी-७. खालची ओळ रिकामी. बेडूक कुठेच नव्हता.

तिच्या मनगटावर आता काही नव्हतं. पकड कधी सुटली ते तिला कळलं नव्हतं. शेजारी वळून बघायचं तिच्याने होईना, म्हणून तिने न वळता हात लांब केला. बोटांना शाल लागली. ऊब होती, आणि शालीखाली नुसती खुर्चीची बैठक होती. हात आणखी चाचपत गेला आणि खुर्चीच्या दांडीला अडकवलेली शिट्टी त्याला लागली. बारकीने ती मुठीत घट्ट धरली.

आईचा पडदा विझला होता. काळ्या काचेत बैठकीची खोली दिसत होती, खिडकीचा लख्ख उजेड, आणि मागे पॅसेजचं तोंड. तिथे कुणीतरी उभं होतं. रबरी चपला. दोन्ही खांदे एका रेषेत, दोन्ही हात कमरेवर, पाठ ताठ. तीन महिन्यांपूर्वी आई अशीच उभी राहायची. चेहरा खिडकीच्या उजेडात पुसला गेला होता.

शिट्टी बारकीच्या मुठीत होती. तरी पॅसेजमधून शिट्टी वाजली, एक, लांब, खणखणीत, आणि बारकीची पाठ आपोआप ताठ झाली.

"चाळीस," मागून आईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. शब्द ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून स्वच्छ येत होता आणि त्यात आनंद मावत नव्हता. "मोजलीस ना?"